किडनी एकदम ओके, पण हार्टचं काय?

सकाळच्या गर्दीच्या वेळी मीरा रोड स्टेशनवर जरा बाजूला उभं राहून बघा. जायचं असतं चर्चगेटला, पण काही मंडळी आधी उलट्या दिशेची गाडी पकडतात. एकच स्टेशन मागे, भाईंदरला जायचं, सीट धरायची आणि त्याच गाडीने ऐटीत बसून परत यायचं. माझा एक मित्र रोज हा उद्योग करतो. ग्रुपमधल्या सगळ्यांना वाटतं, याला विंडो सीटचा शौक आहे. खरं कारण शर्टाच्या आत आहे. त्याच्या पोटात उजवीकडे खाली त्याच्या आईची किडनी बसवलेली आहे. आपल्या ओरिजिनल किडन्या पाठीकडे, बरगड्यांच्या आडोशाला सुरक्षित असतात. ट्रान्सप्लांटची किडनी मात्र पुढच्या बाजूला, ओटीपोटात, हाताला लागेल इतकी वर असते. बोरिवलीला चढणाऱ्या लोंढ्यात कुणाचं कोपर नेमकं तिथेच बसलं तर? म्हणून हा पठ्ठ्या बसूनच जातो.

नाव छापायचं नाही, ही त्याची अट. आपण त्याला नऊ-नऊ म्हणू. सकाळी नऊ आणि रात्री नऊ, फोनचा अलार्म वाजतो आणि तो गोळ्या घेतो. सहा वर्षं झाली. मीटिंग असो, मित्राचं लग्न असो, वर्ल्ड कपची फायनल असो, नऊ म्हणजे नऊ. त्या गोळ्या चुकल्या तर शरीर आईची किडनी 'परकी' म्हणून बाहेर काढायच्या मागे लागतं. बाकी भाऊ अगदी तुमच्या-आमच्यासारखा. वय चौतीस, आयटीत नोकरी, घराचा हप्ता, वीकेंडला क्रिकेट.

तर झालं असं, की त्याच्या ऑफिसने सगळ्यांना 'फुल बॉडी चेक-अप'चं पॅकेज दिलं. सत्तर-ऐंशी टेस्ट एका दमात. रिपोर्टची पीडीएफ आली. क्रिएटिनिन १.२, म्हणजे किडनी मजेत. साहेब खूश. मग स्क्रोल करत करत तो चौथ्या पानावर पोचला. तिथे लाल अक्षरात एक ओळ होती: हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी, ७.१. शेजारी छोट्या अक्षरांत 'हृदयविकाराचा धोका: जास्त'. रात्री दोन वाजता मला मेसेज आला. ''बॉस, किडनी ओके आहे. पण हार्ट जाणार बहुतेक.''

गुगलबाबाने झोप उडवली

त्या रात्री नऊ-नऊने इंटरनेटवर जे जे वाचलं, त्यातलं निम्मं खरं होतं. हाच तर प्रॉब्लेम आहे!

खरं काय, ते आधी सांगते. किडनी बदलली की माणूस डायलिसिसवरच्या माणसापेक्षा जास्त जगतो आणि कितीतरी चांगला जगतो, यात वाद नाही. पण ट्रान्सप्लांट झालेली माणसं पुढे कशाने दगावतात हे पाहिलं, तर हार्ट अॅटॅक, स्ट्रोक आणि हृदयाची इतर दुखणी यांचा वाटा फार मोठा आहे. अनेकदा किडनी शेवटपर्यंत ठणठणीत काम करत असते आणि हृदय दगा देतं. आपण सगळे, म्हणजे पेशंट, घरचे, मित्र, 'किडनी टिकेल ना?' या एकाच प्रश्नाला चिकटून बसतो. आईने दिलेली वस्तू जपायची असते. हृदयाकडे बघायला फुरसत कुणाला?

हृदयावर हे ओझं येतं कुठून? एक तर जुनी उधारी. किडनी बिघडलेली असताना काही वर्षं बीपी चढलेलं असतं, रक्तवाहिन्या कडक होत जातात, हृदयाची भिंत जाड होते. नवी किडनी आली म्हणून हे सगळं पुसलं जात नाही. दुसरं, ज्या गोळ्या किडनी वाचवतात त्याच थोडी किंमत वसूल करतात. स्टेरॉइडने भूक आणि साखर वाढते. टॅक्रोलिमसने साखर आणि बीपी दोन्ही वाढू शकतात. सायक्लोस्पोरिनने बीपी आणि कोलेस्टेरॉल. आणि तिसरं म्हणजे, डॉक्टर लोक ज्याला इन्फ्लमेशन म्हणतात आणि मराठीत आपण दाह म्हणतो, तो.

उत्तनचा धूर

दाह म्हणजे काय, हे मीरा-भाईंदरकरांना समजावणं सोप्पं आहे. उत्तनला धावगीच्या डोंगरावर शहराचा कचरा जातो. उन्हाळ्यात तिथे आगी लागतात. वरवर ज्वाळा विझतात, पण ढिगाच्या पोटात कचरा दिवसचे दिवस धुमसत राहतो आणि वारा फिरला की धूर गावात येतो. शरीरातही असं होतं. पाय मुरगळला की जी लालभडक सूज येते ती भडकलेली आग. दिसते, दुखते, विझते. पण एक मंद आग अशी असते की ती दुखतही नाही, दिसतही नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात ती धुमसते. तिथे साठलेल्या चरबीच्या थराला ती कच्चा करते आणि एखाद्या दिवशी तो थर फुटला, त्यावर रक्ताची गाठ जमली, की हार्ट अॅटॅक.

सीआरपी हा त्या आगीचा धूर. हे एक प्रोटीन आहे, ते आपलं लिव्हर तयार करतं. शरीरात कुठेही दाह झाला की इंटरल्युकिन-सिक्स नावाचा निरोप्या रक्तातून लिव्हरकडे जातो आणि लिव्हर सीआरपीचं उत्पादन वाढवतं. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना ते न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात सापडलं. पुढची बरीच वर्षं ते इन्फेक्शन ओळखायलाच वापरलं जात होतं. मग लक्षात आलं, की अगदी बारीक मापाने मोजलं तर धडधाकट दिसणाऱ्या माणसातही कमी-जास्त असतं आणि ते जास्त असणाऱ्यांना हार्ट अॅटॅक जास्त येतात. २००३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि तिथल्या सीडीसीने पट्टी ठरवली. लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेलं तर ते हृदयाबद्दल काही सांगत नाही. कुठेतरी इन्फेक्शन असेल, ते बघा आणि नंतर पुन्हा मोजा.

इथे एक अनाहूत सल्ला. रिपोर्टवर एकक बघा! काही लॅब लिटरमध्ये आकडा देतात, काही डेसिलिटरमध्ये. डेसिलिटरचा ०.७ म्हणजे लिटरचा ७. या दहापटीच्या फरकाने कितीतरी लोक उगाच घाबरलेत आणि कितीतरी उगाच निर्धास्त आहेत.

नऊ-नऊचा पुढचा सवाल एकदम बिनतोड होता. ''मी रोज इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्या खातो. मग माझ्यात दाह उरतोच कसा?'' सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनला तुम्ही सांगून ठेवलंत, की हा नवा भाडेकरू आपलाच आहे, याला अडवू नकोस. टॅक्रोलिमस हेच काम करतं. टी-सेल नावाच्या वॉचमनला ते गप्प बसवतं. पण म्हणून तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या किचनमध्ये काही जळायचं थांबत नाही. पोटावरची चरबी, हिरड्यांतला पू, लघवीतलं लपलेलं इन्फेक्शन, डायलिसिससाठी हातात बसवलेली आणि आता बंद पडलेली कृत्रिम नळी, यातलं काहीही धुमसत राहू शकतं. खुद्द नवी किडनी हळूहळू कुरकुरत असेल तर तीही.

आकडा उतरला म्हणजे धोका उतरला?

हा खरा कळीचा मुद्दा. इथेच गुगलबाबा तोंडावर आपटतो.

किडनी ट्रान्सप्लांटच्या पेशंट्समध्ये होमोसिस्टीन नावाचा एक पदार्थ रक्तात जास्त असतो. तो जास्त असलेल्यांना हृदयविकारही जास्त. मग सरळ हिशेब झाला ना? व्हिटॅमिनने होमोसिस्टीन उतरतं, तर व्हिटॅमिन द्या, हृदय वाचवा. अमेरिका, कॅनडा आणि ब्राझीलमध्ये ४,११० ट्रान्सप्लांट पेशंट्सवर हे करून बघितलं गेलं. फेव्हरिट नावाची ती ट्रायल, निकाल २०११ मध्ये आला. फॉलिक अॅसिड, बी-सिक्स, बी-ट्वेल्व्हच्या जोरदार डोसने होमोसिस्टीन छान उतरलं. हार्ट अॅटॅक आणि मृत्यू? जसेच्या तसे. धूर पंख्याने खिडकीबाहेर घालवला, आग जागच्या जागी.

आता उलटं उदाहरण. २००३ मध्ये अॅलर्ट ट्रायलचा निकाल लागला. २,१०२ ट्रान्सप्लांट पेशंट्स, निम्म्यांना फ्लुव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी, निम्म्यांना नकली गोळी. पाच वर्षांनी जो मुख्य हिशेब मांडायचा ठरला होता, त्यात फरक ठामपणे सिद्ध झाला नाही. पण हृदयविकाराने मृत्यू आणि हार्ट अॅटॅक एवढंच पाहिलं, तर ते सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. याच ट्रायलमधल्या पेशंट्सचं रक्त वापरून २००९ मध्ये आणखी एक अभ्यास आला. ज्यांचं इंटरल्युकिन-सिक्स जास्त, त्यांना हृदयाचे झटके आणि मृत्यू दोन्ही जास्त. सीआरपी जास्त, तर एकूण मृत्यू जास्त. म्हणजे नऊ-नऊची भीती अगदीच हवेतली नव्हती.

मग दाहच थेट विझवला तर? हेही झालंय. २०१७ मध्ये कँटोस ट्रायलमध्ये आधी हार्ट अॅटॅक येऊन गेलेल्या आणि सीआरपी चढलेल्या दहा हजारांवर लोकांना दाह कमी करणारं महागडं इंजेक्शन दिलं. कोलेस्टेरॉलला हातही न लावता झटके सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. डॉक्टरांच्या दुनियेत मोठीच बातमी होती ती. पण सोबत जिवावर बेतणारी इन्फेक्शन्स वाढली. आधीच इम्युनिटी दाबलेल्या माणसाने या वाटेकडे बघताना दहा वेळा विचार करावा, हे सांगायला नको.

हळदीची कॅप्सूल आणि पपनस

तरी घरचे वैद्य गप्प बसतात होय? लाल अक्षरातला रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर पडल्या पडल्या सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. मावशीने हळदीच्या कॅप्सूल सुचवल्या. काकांनी गुळवेलीचा काढा. ऑफिसातल्या एका फिटनेसवाल्याने कोल्चिसिन नावाच्या गोळीवर व्हिडिओ पाठवला.

एकेक घेऊ. भाजीतली हळद ठीक आहे, ती खुशाल घाला. पण अर्काच्या कॅप्सूलमध्ये भाजीच्या कितीतरी पट माल असतो आणि त्याने रक्तातलं टॅक्रोलिमस चढल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवली आहेत. टॅक्रोलिमस चढलं की मार बसतो थेट किडनीला. गुळवेल तर 'इम्युनिटी वाढवते' म्हणूनच विकली जाते. ज्याची इम्युनिटी डॉक्टर मुद्दाम खाली ठेवतायत त्याला हे द्यायचं? २०२० मध्ये कोविडच्या काळात मुंबईतच गुळवेल घेतल्यावर लिव्हर बिघडलेल्या सहा पेशंट्सची नोंद डॉ. आभा नगराल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली होती. कोल्चिसिन ही गाऊटची जुनी गोळी, अगदी छोट्या डोसमध्ये हृदयासाठी तिला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यताही मिळाली. पण किडनी अशक्त असेल किंवा सायक्लोस्पोरिनसारखी गोळी चालू असेल तर ती अंगात साठते आणि स्नायूंना विषारी ठरू शकते. राहिलं पपनस. ग्रेपफ्रूट चालत नाही हे प्रत्येक ट्रान्सप्लांट पेशंटला सांगतात, पण आपल्या गणपतीतल्या पपनसाचं नाव कुणी घेत नाही. ते त्याच खानदानातलं. प्रसादाची फोड दुसऱ्याच्या हातात द्या.

नऊ-नऊने यातलं काहीच घेतलं नाही. शहाणपणामुळे नाही हं, घाबरल्यामुळे. तीन दिवसांनी तो नेफ्रॉलॉजिस्टसमोर बसला.

''दात कसे आहेत?''

डॉक्टरांनी रिपोर्टवर एक नजर टाकली आणि विचारलं, ''सर्दी, ताप, जुलाब? टेस्टच्या आठवड्यात काही?'' नाही. ''लघवीला जळजळ?'' नाही. ''तोंड उघडा बघू. दात कसे आहेत तुमचे?''

आता सांगते, हा माणूस सहा महिने ब्रश करताना रक्त थुंकत होता आणि कुणाला बोलला नव्हता! बीपीसाठी त्याला अॅम्लोडिपिन चालू आहे. या गटातल्या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या फुगतात, सायक्लोस्पोरिनने तर फारच. फुगलेल्या हिरडीखाली अन्न अडकतं, जंतू घर करतात. मीरा रोडच्याच एका डेंटिस्टकडे गेल्यावर कळलं, मागच्या चार दाढांच्या हिरड्यांत पू आहे. डेंटिस्टने समजूतदारपणा दाखवला आणि औषध लिहिण्याआधी नेफ्रॉलॉजिस्टला फोन लावला. हे फार महत्त्वाचं. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स टॅक्रोलिमसची पातळी झटकन वर नेतात आणि आपण शेंगदाण्यासारख्या खातो त्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या पेनकिलर्स किडनीच्या शत्रू आहेत.

हिरड्या साफ झाल्या. दोन महिन्यांनी सीआरपी ३.४. तुम्ही म्हणाल, वा, अर्ध्यावर आलं की! नऊ-नऊलाही तेच वाटलं, तो पेढे घेऊन गेला होता. डॉक्टरांनी पेढा बाजूला ठेवला आणि त्याच रिपोर्टच्या पहिल्या पानावर बोट ठेवलं. एलडीएल १३८. बीपी १४६ वर ९२. कमर तीन वर्षांत चार इंच वाढलेली. उपाशीपोटीची साखर १११. ''तुम्ही लाल ओळ बघत बसलात, आणि ज्याचं मला टेन्शन आहे ते काळ्या अक्षरात आहे.''

किडनीच्या डॉक्टरांची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, केडिगो म्हणतात त्यांना, त्यानुसार ट्रान्सप्लांट झालेल्या मोठ्या माणसाचं बीपी १३० वर ८० च्या खाली असावं, आणि स्टॅटिन द्यावं असं ती सुचवतात. सीआरपी अमुकच्या खाली आणा, असं कुणी म्हणत नाही. मला विचाराल तर ही टेस्ट प्रत्येक पॅकेजमध्ये कोंबण्यात लॅबचा फायदा जास्त आहे. पण या वेळी तिच्यामुळे एक माणूस डॉक्टरसमोर तोंड उघडून बसला, हेही मान्य करायला हवं.

कमरेची गोष्ट जरा वेगळी आहे. डायलिसिसवर असताना त्याला केळं नाही, टोमॅटो नाही, शहाळं नाही, पाणी मापून. ट्रान्सप्लांटनंतर सगळं सुटलं आणि त्यात स्टेरॉइडची भूक! पहिल्या वर्षात नऊ किलो. वजनकाट्यावर तो आजही 'नॉर्मल'च्या जवळपास आहे, पण आपल्या लोकांचं नॉर्मल फसवं असतं. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! बारीक दिसणारा जाडा माणूस, हा आपला खास देशी मॉडेल. आणि पोटातली चरबी नुसती पडून राहत नाही, ती इंटरल्युकिन-सिक्स सोडत राहते. धावगीच्या ढिगासारखीच.

मग आता रोजचं काय? स्टॅटिन सुरू झालं. बीपीची गोळी बदलली, हिरड्याही सांभाळल्या जातील अशी. घरी मशीन आलं. रत्नागिरीहून येणारं लोणचं आणि पोह्याचे पापड यांच्यावर आईशी तह झाला, रविवारी एक फोड. मीठ सोडणं सगळ्यात जड गेलं, आणि राहतो कुठे तर मिठागरांच्या गावात. डॉक्टर म्हणतात दिवसभर भरपूर पाणी प्या. सांगायला सोपं आहे हो, पण लोकलमध्ये टॉयलेट नसतं. घरून पाणी पिऊन निघायचं तर अंधेरीपर्यंत जीव मुठीत. त्याने ऑफिसला पोचल्यावर अकरापासून सहापर्यंतचं पाण्याचं टाइमटेबलच बनवलंय. संध्याकाळी मीरा रोडला उतरून रिक्षा न करता घरापर्यंत चालत जातो, पंचवीस मिनिटं. रोज नाही जमत. पावसात तर नाहीच.

ज्यांच्या पोटात स्वतःच्याच दोन किडन्या आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. नऊ-नऊचा आजार पकडला गेला तो असल्याच एका चेक-अपमध्ये. सत्तावीस वर्षांचा होता, डोकं दुखायचं, कॉम्प्युटरमुळे असेल म्हणून सोडून दिलेलं. बीपी निघालं १८० वर ११०. तरुणपणी बीपी एवढं वाढलेलं असेल तर क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन बघायलाच हवं. किडनी खूप पुढे जाईपर्यंत तक्रार करत नाही. बाय द वे, आपल्याकडे पहिलं किडनी प्रत्यारोपण परळच्या केईएममध्ये मे १९६५ मध्ये झालं, आणि त्याच हॉस्पिटलात फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. किडनी आणि हृदय, एकाच इमारतीत, तीन वर्षांच्या आत.

मागच्या शनिवारी मी त्याच्याकडे जेवायला गेले होते. रात्री नऊला अलार्म वाजला, त्याने गोळ्या घेतल्या, मग सवयीने बीपी मोजलं. १२८ वर ८२. मी सहज विचारलं, ''काकू, तुमचं शेवटचं कधी मोजलं?''

काकू पोळी लाटता लाटता हसल्या. ''माझं काय बघायचंय? मी तर डोनर. मला कुठे काय झालंय?''

एक किडनी दिलेल्या माणसाने दरवर्षी बीपी, क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घ्यायची असते. ऑपरेशनच्या वेळी हे सांगितलेलं असतं. पहिली दोन वर्षं त्या गेल्याही होत्या. त्यानंतर चार वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही, लेकाच्याही नाही. नऊ-नऊने काही न बोलता पट्टा स्वतःच्या दंडावरून काढला आणि आईच्या दंडाला बांधला.

''अरे, हाताला पीठ आहे,'' काकू म्हणाल्या.

''असू दे. बोलू नकोस आता, आकडा चुकतो.''

मशीन घरघरलं. १५२ वर ९०. दोघंही थोडा वेळ त्या स्क्रीनकडे बघत राहिले. मग त्याने फोन काढला आणि सोमवारची रजा टाकली.